यात्रा, हवापालट, सुटी : लालबागेतून हिमालयाकडे

इंदूरच्या मराठी घरांतून हिमालयाकडे जाणारी वाट अहिल्याबाईंच्या काळापासूनची आहे. मुलाबाळांना बरोबर घेऊन, नवस नाही, श्राद्ध नाही, औषधपाणी नाही, नुसते चार दिवस निवांत राहायला त्या वाटेने जाणे मात्र स्वातंत्र्यानंतरचे. मधल्या दीडशे वर्षांत डोंगराकडे जाण्याचे निमित्त बदलत गेले. आधी यात्रा होती, मग हवापालट आला, शेवटी सुटी. निमित्त बदलले तशी उंबरठ्याबाहेर पडणारी माणसेही बदलली. घरातले कोण निघायचे आणि कोण मागे राहायचे, हे पाहिले की हा इतिहास नीट उलगडतो.

यात्रेपासून सुरुवात करायची तर महेश्वरला जावे लागते. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी १७६७पासून अखेरपर्यंत तिथून राज्य चालवले. काशीच्या विश्वनाथापासून गयेच्या विष्णुपदापर्यंत त्यांनी केलेल्या बांधकामांची यादी मराठी वाचकाला नवी नाही. त्यातला हिमालयाचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. केदारनाथ, बद्रीनाथ आणि गंगोत्रीच्या वाटेवर त्यांनी धर्मशाळा उभारल्या. तुंगनाथ, पवाली अशा उंचावरच्या, वस्तीपासून दूरच्या जागा त्यात आहेत. गंगोत्रीहून केदारनाथला डोंगर ओलांडून जाणारा यात्रेकरू पवालीच्या माळावर पोचेपर्यंत थंडीने आणि चढाने गळून गेलेला असे. तिथे छप्पर असणे हा जिवाचा प्रश्न होता. गरम पाण्याची कुंडे बांधली, गायींसाठी कुरण राखले. ज्याने ही ठिकाणे निवडली त्याला ती वाट पायाखालची होती, हे उघड दिसते.

हा खर्च सरकारी खजिन्यातून झालेला नाही. तो ‘खासगी’तून झाला. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या हाती असलेली वेगळी दौलत. १७३४मध्ये अहिल्याबाईंच्या सासूबाई, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून गावे मिळाली, तिथून या दौलतीची सुरुवात. सुनेकडे ती वारशाने आली आणि तिने ती अशी वापरली. अनोळखी माणसाला डोंगरात रात्रीपुरता आसरा मिळावा, म्हणून एका बाईच्या पैशाने भिंती उभ्या राहिल्या. अहिल्याबाईंच्या सगळ्या बांधकामांत, मोठ्या मंदिरांपेक्षाही, या लहान धर्मशाळांचे मोल अधिक मानायला हवे.

डोंगरापर्यंत न पोचणाऱ्यांसाठी उलट दिशेनेही सोय होती. गंगेचे पाणी कावडींनी देशभरातील देवस्थानांकडे पाठवण्याची व्यवस्था अहिल्याबाईंनी लावून दिली होती. दक्षिणेतल्या देवांवर दर वर्षी त्या पाण्याचा अभिषेक होई. हिमालय कधीही न पाहिलेल्या माणसाच्या गावात हिमालयाचे पाणी असे येत राहिले.

जे प्रत्यक्ष निघत, त्यांचा प्रवास महिन्यांच्या हिशेबाचा होता. माळव्यातून हरिद्वार, तिथून ऋषीकेश, देवप्रयाग, गढवालातले श्रीनगर, रुद्रप्रयाग; पुढे एक फाटा मंदाकिनीच्या काठाने केदारनाथला, दुसरा अलकनंदेच्या काठाने जोशीमठावरून बद्रीनाथला. देवळे अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडत. केदारनाथचे दार भाऊबिजेला बंद होई, आजही होते. म्हणजे सगळी वाटचाल उन्हाळा, पावसाळा आणि शरदात उरकायची. ज्याला चालवत नसेल तो दांडीत बसे. ती चौघांच्या खांद्यावरची खुर्ची. गरिबाघरची म्हातारी कंडीत बसे. ती एकाच हमालाच्या पाठीवरची वेताची टोपली. कंडीत माणूस चालणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसतो, त्यामुळे पुढची वाट दिसत नाही, मागे पडलेलीच दिसते.

मुक्काम चट्टीवर. चट्टी म्हणजे पुढची बाजू उघडी असलेली लांबट झोपडी, आणि तिच्यातच किंवा शेजारी एक दुकान. दुकानातून पीठ, डाळ, तूप घेतले की राहायची जागा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट. भाड्याचा हिशेब शिधा विकून भागायचा. उघड्या पडवीत वीस-पंचवीस माणसे एका ओळीने झोपत. १९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या परिसरात एका नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीनुसार सव्वाशे माणसे मारली; त्यामुळे केदार-बद्रीच्या वाटेवर उघड्या चट्टीवर रात्र काढणे म्हणजे काळजावर धोंडा ठेवणे झाले होते. मे १९२६मध्ये शिकारी जिम कॉर्बेटने त्याला टिपले. वाटेवरचे दोरांचे झुले हाही असाच एक धसका होता. लक्ष्मणझुल्याच्या जागी १८८९मध्ये लोखंडी दोरांचा पूल झाला, १९२४च्या पुरात तो वाहून गेला आणि १९३०मध्ये नवा बांधला गेला. ऋषीकेशच्या बाबा काली कमलीवाल्यांच्या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत धर्मशाळा आणि सदावर्ते यांची साखळी उभी केल्यावर ही वाट गोरगरिबांना थोडी तरी सुसह्य झाली.

घरातून निघायचे ते उतारवयातले लोक. संसार मुलांच्या हाती सोपवून झाला, लेकींची लग्ने झाली, देणीघेणी मिटली की यात्रा. विधवा आत्या, मावशी, आजी या यात्रेत मोठ्या संख्येने असत, कारण एरवी बाहेर पडण्याचे दुसरे निमित्त त्यांना समाजाने ठेवलेच नव्हते. निघताना गळाभेटी व्हायच्या त्या शेवटच्या समजून. परत आलेला माणूस गंगापूजन करून मावंदे घालायचा. वाड्यातल्या, आळीतल्या लोकांना पंगतीला बसवून प्रत्येकाला गंगेचे चमचाभर पाणी द्यायचा. हरिद्वारच्या आणि देवप्रयागच्या पंड्यांच्या वह्यांत अशा घराण्यांची नावे पिढ्यान् पिढ्या चढत गेली. लहान मुलांचे नाव त्या वह्यांत येते ते वंशावळीत, वाटचालीत नाही. या पहिल्या काळात मुले आणि तरुण सुना घरीच राहिल्या.

दुसरा काळ सुरू झाला तो होळकरांच्या पराभवातून. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज हरली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. राजधानी इंदूरला स्थिरावली आणि जवळच महूला इंग्रजांची छावणी पडली. महिदपूरची लढाई आणि तह या दोन्हींत पुढे असलेला अधिकारी जॉन माल्कम. महूची छावणीही त्यानेच वसवली, मध्य हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात अहिल्याबाईंविषयी मनापासून आदराने लिहिले. हाच माल्कम १८२७मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन त्याने महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण वसवले. तिथली पेठ बराच काळ माल्कमपेठ म्हणून ओळखली जात होती. महूची छावणी आणि महाबळेश्वरचे बंगले एकाच माणसाच्या हातून घडले, यामागे एकच गरज होती. सपाटीवर फौज ठेवायची, तर आजारी शिपायाला आणि अधिकाऱ्याच्या बायकामुलांना उन्हाळ्यात वर नेण्यासाठी जागा हवी.

हिमालयात तेच चालले होते. मसुरीच्या डोंगरावर १८२३च्या सुमारास फ्रेडरिक यंग या अधिकाऱ्याने शिकारीसाठी झोपडे बांधले आणि १८२७मध्ये शेजारच्या लँडोरला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. शिमला १८६४पासून सरकारची उन्हाळी राजधानी झाली. ताप हा दूषित हवेतून येतो अशी त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. ती चुकीची होती, पण उपाय लागू पडला; कारण उंचीवर हिवतापाचे डास कमी. बाकी काम भूगोलच करतो. हजार मीटर चढले की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, मसुरी सुमारे दोन हजारांवर. इंदूरच्या लालबागेत मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मसुरीच्या माल रोडवर अंगात पातळ स्वेटर चालतो.

मसुरीचा आणि मराठी मुलखाचा एक धागा इथे सांगायलाच हवा. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचे काम दक्षिणेतून सुरू करणारा विल्यम लँब्टन १८२३च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले, माळव्यात सिरोंजजवळ पायारेषा मोजली आणि मोजणी उत्तरेला डेहराडूनपर्यंत नेली. मसुरीला त्याने घर घेतले. ते आज त्याच्या नावाने ओळखले जाते आणि पर्यटक तिथे फोटो काढतात. जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचे नाव आहे, त्याची वाट हिंगणघाट आणि माळवा ओलांडून मसुरीला गेली होती.

इंग्रजांच्या थंड हवेच्या ठिकाणांनी एक गोष्ट नवी आणली. वर जाऊन राहायची ती बायकामुले. साहेब कचेरीपुरता खाली, मडम आणि मुले एप्रिलपासून वर. यात्रेत मागे राहणारे इथे पुढे आले. पण ही सोय ज्यांच्यासाठी होती त्यांत हिंदी माणूस नव्हता. तो तिथे हमाल, भिस्ती, दुकानदार किंवा कारकून म्हणून होता. मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला डोंगर आला तो सह्याद्रीचा आणि सातपुड्याचा. माथेरान १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या नजरेत भरले आणि १९०७मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशाने नेरळहून छोटी गाडी वर गेली. विदर्भासाठी चिखलदरा, मध्य प्रांतासाठी पचमढी. पचमढीला कॅप्टन फोर्सिथने १८६२मध्ये बांधलेला बंगला अजून उभा आहे. त्याच पचमढीत वैदर्भीय शेतकरी पिढ्यान् पिढ्या महादेवाला त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात आणि नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीला जातात. एकाच डोंगरावर साहेबाचा बंगला आणि शेतकऱ्याची यात्रा शेजारी शेजारी नांदली, आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध आला नाही.

मराठीत या काळाचा शब्द ‘हवापालट’. तो ऐकायला हलका आहे, पण त्याच्यामागे बहुतेक वेळा दुखणे असे, आणि दुखणे म्हणजे क्षय. औषध नव्हते. मोकळी कोरडी हवा, दूध, अंडी आणि अंथरुणात पडून राहणे एवढाच उपचार. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांचे बेल एअर आरोग्यधाम १९१२मध्ये सुरू झाले; त्याच वर्षी कुमाऊंच्या डोंगरात भोवालीलाही असे आरोग्यधाम निघाले, जिथे पुढे १९३४-३५मध्ये कमला नेहरू उपचारासाठी होत्या. घरातला कमावता मुलगा किंवा नवी सून खोकू लागली की घरदार विकून डोंगरावर भाड्याची खोली घेतली जाई. सोबतीला एक बाई स्वयंपाकासाठी आणि शुश्रूषेसाठी. ती बाई डोंगरात चार-चार महिने राहून डोंगर पाहत नसे. १९४४च्या सुमाराला स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, स्वातंत्र्यानंतर ते औषध भारतात पोचले, आणि हवापालट या शब्दातली भीती हळूहळू गळून पडली. सुटीच्या इतिहासात या औषधाचा वाटा रेल्वेइतकाच मोठा धरायला हवा.

राजघराण्याची गोष्ट वेगळी होती. लालबाग राजवाड्याचे बांधकाम दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १८८६मध्ये सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१मध्ये पुरे झाले. शहराच्या गजबजाटात असलेला जुना राजवाडा सोडून खान नदीच्या काठी, झाडीत येऊन राहणे हाच मुळात उन्हाळ्यावरचा जुना देशी उपाय आहे. इंदूरभर पसरलेली बागांची नावे तीच रीत सांगतात : लालबाग, माणिकबाग, रामबाग, नारायणबाग. पाणी, सावली, उंच छत आणि जाड भिंत. लालबागेत मुदपाकखानाही नदीच्या पलीकडे ठेवला होता. चुलींची धग आणि धूर वाड्यात नको म्हणून, असे मानायला जागा आहे. तिथून जेवण नदीखालच्या भुयाराने वाड्यात यायचे. बाहेरचे थाट मात्र विलायतेचे : फाटके बकिंगहॅम राजवाड्याच्या नमुन्यावर इंग्लंडात ओतून मुंबईमार्गे आणलेली, आतल्या खांबांना इटलीचा संगमरवर, नाचाच्या दालनात पावलागणिक लवणारी लाकडी जमीन.

या घराण्याच्या उन्हाळ्याची ओढ हिमालयाकडे कमी आणि समुद्रापलीकडे जास्त होती. शिवाजीराव होळकर १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीसाठी इंग्लंडला गेले. पुढे संस्थानिकांच्या विलायतवाऱ्या इतक्या वाढल्या की व्हाइसरॉय कर्झनने १९००मध्ये परिपत्रक काढून त्यांवर लगाम घातला; बडोद्याच्या सयाजीरावांना तो फार झोंबला. तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६मध्ये गादी सोडल्यावर पुष्कळ काळ युरोपात काढला आणि १९७८मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांनी तर १९३०नंतर जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग बांधून घेताना हवा थंड करण्याची यंत्रणाच घरात आणली. डोंगर चढण्याऐवजी डोंगराची हवा खाली आणायचा हा मार्ग तेव्हा एका राजालाच परवडत होता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी आपल्याच मुलखात शिवपुरीला उन्हाळी राजधानी वसवली. महाराष्ट्राबाहेरच्या या मराठी दरबारांत हिमालयात कुटुंबासह साधेपणाने राहण्याची रीत पडली नाही. ती पडली दरबारच्या कारकुनांच्या नातवंडांत.

त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या : गाडी, रजा आणि रस्ता.

गाडीचा पाया होळकरांनीच घातला होता. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने दिले, आणि १८७०च्या दशकात पाताळपाणीचा घाट चढून मीटरगेज गाडी इंदूरला आली. त्याच सुमाराला उत्तरेकडची टोकेही डोंगराच्या पायथ्याशी पोचत होती : काठगोदाम १८८४, हरिद्वार १८८६, डेहराडून १९००, आणि कालक्याहून शिमला १९०३. अडीच-तीन महिन्यांची वाट काही दिवसांवर आली. काकासाहेब कालेलकर १९१२मध्ये हिमालयात हिंडले. त्यांचे ते प्रवासवर्णन आधी गुजरातीत आले, पण मराठी वाचकांनी हिमालय तीर्थ म्हणून नव्हे तर सौंदर्य म्हणून पाहायला शिकण्यात त्याचा मोठा हात आहे.

रजेची गोष्ट स्वातंत्र्यानंतरची. १९४८मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६मध्ये मध्य प्रदेश झाला. दरबारी नोकऱ्या सरकारी झाल्या; मुले बँकांत, रेल्वेत, टपाल खात्यात, विमा महामंडळात लागली. १९५६मध्येच केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांना रजेतील प्रवासाची सवलत सुरू केली. घरोघर ती ‘एलटीसी’ झाली, बँकवाल्यांची ‘एलएफसी’. या सवलतीची एक अट सगळ्यांत मोलाची होती : प्रवासखर्च कर्मचाऱ्याचा एकट्याचा नव्हे, कुटुंबाचा. बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील. सरकारी नियमाने प्रथमच असे गृहीत धरले की माणूस घरच्यांना घेऊन फिरायला जाईल. पुढे चार वर्षांच्या टप्प्यात एकदा भारतात कुठेही. मग लांबचे ठिकाण गाठण्यातच शहाणपण. महाबळेश्वर आपल्या खर्चानेही होईल, काश्मीर एलटीसीवर.

रस्ते आले ते सीमेच्या काळजीतून. १९६०मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली, १९६२च्या चीनयुद्धानंतर कामाला वेग आला, आणि जिथे कंडी जात होती तिथे बस जाऊ लागली. बद्रीनाथच्या चट्ट्या ओस पडल्या त्या याच काळात. ‘जंगली’ (१९६१) आणि ‘काश्मीर की कली’ (१९६४) या चित्रपटांनी बर्फ आणि शिकारे घराघरांत पोचवले. १९८९नंतर काश्मीर अशांत झाले तशी गर्दी हिमाचलकडे वळली. फळबागांचे आणि लाकडी घरांचे लहान गाव असलेले मनाली पंधरा-वीस वर्षांत हॉटेलांचे शहर झाले.

त्या काळातल्या इंदुरी मराठी कुटुंबाची तयारी जवळून पाहण्याजोगी आहे. दिवाळीनंतर लोकरीचे गुंडे घरात येत. आई, मावशी, शेजारची काकू दुपारी अंगणात उन्हात बसून सुया चालवत. मुलांचे स्वेटर वाढत्या अंगाचे, बाह्या दुमडून घालायचे. आजोबांची माकडटोपी ट्रंकेतून निघे, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. होल्डॉलमध्ये गाद्या-उश्यांच्या वळकट्या, कडेच्या खिशात चपला. खाण्याच्या डब्यात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, कोरडी लसणाची चटणी, मेतकूट, आणि इंदूर म्हटल्यावर शेवेची पिशवी आलीच. फिरकीचा तांब्या खिडकीशी. स्टोव्ह आणि घासलेटची बाटलीही बरोबर घेणारे पुष्कळ होते, कारण परक्या हाताचे जेवण आजीला चालत नसे. असे कुटुंब मसुरीला किंवा कुल्लूला पोचले की खोलीच्या कोपऱ्यात स्टोव्ह पेटायचा आणि आई खिचडी टाकायची. बर्फाची शिखरे खिडकीत, आणि तिची पाठ खिडकीकडे.

हे चित्र बदलले ते मराठी सहल कंपन्यांमुळे. केसरी १९८४मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३मध्ये. त्यांच्या आगेमागे मुंबई-पुण्यात अशा कितीतरी कंपन्या निघाल्या. बरोबर आचारी किंवा ठरवलेले स्वयंपाकघर, मनालीत पिठले-भाकरी, एखाद्या दिवशी पुरणपोळी, सकाळी सहाला दारात चहा. बाहेर जाऊनही घरचेच खायचे, यावर पुष्कळ टीका झाली आहे. ती करणाऱ्यांनी स्टोव्हपाशी बसलेली ती बाई लक्षात घेतलेली नाही. हिमालयात गेलेल्या मराठी कुटुंबात सगळ्यांना सुटी मिळाली ती त्या आचाऱ्यामुळे. पुढे काही कंपन्यांनी फक्त बायकांच्या सहली काढल्या आणि घरातली आजी, सून, नात एकाच गटात लेह-लडाखला निघाल्या. अहिल्याबाईंच्या धर्मशाळांनंतर डोंगरातल्या मराठी बाईची एवढी सोय कोणी पाहिली असेल, तर ती इथे.

इंदूरकरांना आता थेट गाड्या आहेत. महूहून इंदूरमार्गे माळवा एक्स्प्रेस वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्यापर्यंत जाते. दुसरी गाडी इंदूरहून डेहराडूनच्या बाजूला. डेहराडूनहून मसुरी तासा-दीड तासाच्या घाटावर. पहिल्या दिवशी माल रोड, केम्प्टीचा धबधबा, गन हिलचा दोरमार्ग. निवांत राहायला आलेले कुटुंब मात्र दुसऱ्या दिवशी लँडोरला चढते. देवदारांतली चढण, घड्याळाचा मनोरा, जुन्या छावणीची दफनभूमी आणि चार दुकान नावाची खरोखरच चार-सहा दुकानांची जागा. तिथे बाकावर बसून चहा घ्यायचा, मुलांनी गरम मॅगी खायची, ढग उतरला की शाल ओढायची, ढग सरला की बंदरपूंछची शिखरे दिसतात का ते पाहायचे. लष्कराच्या ताब्यातला भाग असल्याने इथे नवीन बांधकामावर बंधने आहेत. दोनशे वर्षांपूर्वी आजारी सैनिकांसाठी वसवलेल्या छावणीच्या नियमांनी लँडोर लहान राखले, आणि लहान राहिले म्हणूनच तिथे विश्रांती मिळते.

बाकी डोंगराची ताकद संपत आली आहे. जून २०१३मध्ये केदारनाथला महापूर आला आणि हजारो यात्रेकरू गेले. जानेवारी २०२३मध्ये जोशीमठच्या शेकडो घरांना तडे गेले. मसुरीत मे महिन्याच्या शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते आणि हॉटेलांना टँकरने पाणी आणावे लागते. तिकडे दक्षिणेत उटीला बाहेरून येणाऱ्या मोटारींना मे २०२४पासून ई-पास लागू झाला. हिमालयातल्या गावांनाही त्याच मार्गाने जावे लागेल. चट्टीच्या काळात डोंगरात किती माणसे मावतील हे शिधा आणि पायवाट ठरवत असत. आता ते कोणी तरी ठरवून द्यावे लागणार आहे. तोवर जाणाऱ्याने मे महिना टाळून ऑक्टोबरात जावे. हवा स्वच्छ असते, शिखरे दिसतात, आणि गावकऱ्यांना पाणी पुरते.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी इंदूरचा आपला जुना उन्हाळा आहे. माळव्याचे पठार दिवसभर तापते, पण कोरड्या हवेमुळे सूर्य कलला की भराभर निवते. उत्तरेत बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र वाखाणली जाते ती त्यासाठीच. लालबाग राजवाडा आता सरकारी संग्रहालय आहे. उन्हाळ्यात त्याच्या मैदानावर मालवा उत्सव भरतो, देशभरातले कारागीर मांडव टाकून बसतात, आणि रात्री उशिरापर्यंत इंदूरची कुटुंबे मुलाबाळांसह त्या बागेत हिंडत असतात.